सव्वीस बुटके पलंग

सोस्तेनी कादेवेरे हा आमच्या हॉस्पिटलचा सुतार. दिवसभरात वीसेक शब्द बोलतो, त्यातले निम्मे करवतीशी. दार अडकलं, कुबडी मोडली, खाटेचा पाय लचकला, की त्याला हाक मारायची. तो येतो, वस्तूभोवती एक फेरी मारतो आणि मग तिच्यावर बसतो. खुर्ची असो, खाट असो, औषधांची पेटी असो, आधी बसून बघणार. टेप त्याच्या खिशात असते, पण ती आम्हाला बरं वाटावं म्हणून. पूर्वी तो सरोवरावर होड्या बांधायचा, आणि होडी बांधणारा माणूस लाकडाला अंगाने ओळखतो, असं त्याचं म्हणणं.

मी फालेसी म्सिस्का, मुलांच्या वॉर्डची सिस्टर. मूळची उत्तरेकडची. या किनाऱ्यावर तेवीस वर्षं काढली तरी इथले लोक अजून म्हणतात, उत्तरेकडच्यांचं नाक आभाळात. म्हणोत बापडे. माझं तोंड फाटकं आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्या तोंडामुळे काय झालं, तेच मी सांगायला बसले आहे.

हॉस्पिटलात सगळे सोस्तेनीला ‘आलिनाफेचे बाबा’ म्हणतात. इथे पहिलं मूल झालं की आईबापाची स्वतःची नावं मागे पडतात. मूल गेलं तरी ते नाव काही परत घेत नाहीत. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला दिवसातून दहा वेळा त्या नावाने हाक मारतात आणि तो दहाही वेळा ‘ओ’ देतो. मी एकटी त्याला सोस्तेनी म्हणते. लोकांना वाटतं, उत्तरेकडची बाई, हिला रीत कुठली माहीत. वाटू दे. माझ्या तोंडून ते नाव निघत नाही.

आलिनाफे तीन वर्षांची होती. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिची आई एस्नाती तिला पाठीला बांधून घेऊन आली. छाती भरलेली, ताप, श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. सोस्तेनी तेव्हा पलीकडच्या बेटावर होडी बांधायला गेला होता. वॉर्डात तीस खाटा, सगळ्या भरलेल्या, आणि आम्ही दोन नर्सा. खाटा जुन्या, लोखंडी, माझ्या कमरेएवढ्या उंच, चारी बाजूंनी गज. मूल आत, आई बाहेर. आईने खाटेवर चढायचं नाही, हा नियम. मग आया काय करणार? मुलाला काढून खाटेखाली चटईवर घेऊन झोपायच्या. जाता-येता माझ्या पायात यायच्या, औषधांची गाडी अडायची. त्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, “यापुढे एक जरी चटई खाली दिसली ना, तर चटईसकट घरी पाठवीन!”

पहिल्या दिवशी आलिनाफेला दोन इंजेक्शनं मिळाली, सकाळी एक, संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेपाशी गेले तर खाट रिकामी. आया अशा न सांगता जातात, घरी दुसरी लेकरं असतात, शेत असतं. मी वहीत लिहिलं, ‘आई मुलीला घेऊन पळाली.’ आणि खाट दुसऱ्या मुलाला दिली.

ती पळाली नव्हती. माझ्या पायांपासून दीड हातावर, त्याच खाटेखाली, गाठोड्यांच्या मागे होती. एस्नातीने तिला माझ्या भीतीने लपवलं होतं. मी खाट दुसऱ्याला दिली तेव्हा एस्नातीला वाटलं, ही आपल्याला झालेली शिक्षा. आता तोंड उघडलं तर हाकलूनच देतील. म्हणून ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी फरशी पुसणाऱ्या बाईचा पोछा मुलीच्या पायाला लागला. तेव्हा अंग गार पडायला लागलं होतं. चार वाजता ती गेली.

आईने खाटेखाली लपवली आणि मुलगी दगावली, एवढं सगळ्या किनाऱ्याला कळलं. वहीतली ओळ फक्त मला माहीत होती. सोस्तेनी बेटावरून आला तो पुरायलाच. त्याने मला एकच विचारलं, “सिस्टर, काही करता आलं असतं?” मी म्हणाले, “आणली तेव्हाच बेशुद्ध होती. शुद्धीवर आलीच नाही. कुणाच्या हातात काही नव्हतं.” हे मी एका दमात बोलले.

पुढचं मी ऐकलं ते दुसऱ्यांकडून. सोस्तेनी बायकोच्या गावात राहत होता, इथे जावईच सासरी नांदतो. त्याने एस्नातीला काय काय बोलून घेतलं कोण जाणे. तिच्या मामांनी बैठक घेतली, लग्नाचे दोन्हीकडचे मध्यस्थ, ज्यांना इथे अंखोस्वे म्हणतात, ते बसले आणि लग्न मोडलं. सोस्तेनी हत्यारांची पेटी घेऊन तिथून निघाला. वर्षभराने तो हॉस्पिटलच्या फाटकाशी काम मागायला आला. मोठे डॉक्टर म्हणाले, सुतार नको. मी म्हणाले, हवा. माझ्या तोंडाला लागायला डॉक्टरही घाबरतात. त्याला काम मिळालं. लोकांना वाटलं सिस्टरला दया आली.

गेल्या वर्षी आमच्यासाठी मुलांचा नवा वॉर्ड मंजूर झाला. राजधानीतून गोंद्वे नावाचा तरुण आर्किटेक्ट नकाशे घेऊन आला. पोरगा चांगला, शिकलेला, उगाच कुणाला कमी लेखणारा नव्हता. नकाशात सगळं मुलांसाठी होतं. खिडक्या मुलांच्या डोळ्यांना येतील इतक्या खाली, हात धुवायचे नळ बुटके, भिंतीवर जिराफ आणि हत्ती, एका कोपऱ्यात खेळणी. आणि चाळीस खाटा, गजांच्या, उंच, नव्या कोऱ्या. त्याने जेवणघराच्या भिंतीवर चित्र लावलं आणि नातेवाइकांच्या निवाऱ्यातल्या बायकांना बोलावून समजावून सांगितलं.

मालिटा आजी नातवाला कडेवर घेऊन पुढे बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, जिराफ झकास आहे हो. पण मी कुठे आहे यात?”

“तुमच्यासाठी बाहेर निवारा आहे ना, आजी.”

“आणि हा रडला की याला जिराफ घेणार?”

बायका फिदीफिदी हसल्या. गोंद्वेही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मागे दाराला टेकून सोस्तेनी उभा होता. तो म्हणाला, “मला हे कागदावर कळत नाही. जमिनीवर काढू या.”

होडी बांधणारे असंच करतात. वाळूत पूर्ण मापाची होडी काढायची, तिच्यात माणसं बसवायची आणि मगच लाकडाला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सोस्तेनीने स्वयंपाकघरातली राख टोपल्या भरभरून आणली आणि मागच्या मैदानावर अख्खा वॉर्ड काढला. भिंती, दारं, खिडक्या, चाळीस खाटा, मधून गाडीची वाट. दोरी ताणून, राख ओतून. दहा वाजेपर्यंत ते झालं. मग त्याने निवाऱ्यातल्या बायकांना बोलावलं, “पोरांना खाटेत झोपवा. रोज झोपवता तसं.”

“राखेत? उलेमुचा बाप घरी आला तर म्हणेल बाई भट्टीत पडली होती काय!” एकजण म्हणाली. पण आल्या सगळ्या. वेगळं काही घडत असलं की निवाऱ्यातल्या बायका सोडतात होय? प्रत्येकीने आपलं चितेंजे, कमरेला गुंडाळायचं कापड, राखेच्या चौकटीत अंथरलं, त्यावर मूल ठेवलं आणि स्वतः चौकटीबाहेर, गाडीच्या वाटेवर आडवी झाली. मी औषधांची रिकामी गाडी घेऊन निघाले. चार पावलांत अडले. ही उठली, ती कुशीवर वळली, एकीने पाय आखडले. दहा मिनिटांत चाळीसपैकी एकही मूल चौकटीत नव्हतं. सगळी आयांच्या पोटाशी.

“आजी, बाळाला खाटेत ठेवा ना,” गोंद्वे म्हणाला.

“ठेवलं होतं, साहेब,” मालिटा आजी झोपल्या जागेवरून म्हणाली. “ते आलं.”

गोंद्वेने हातातला नकाशा गुंडाळला. मग त्याने सोस्तेनीला विचारलं, “तुम्ही कसा कराल?”

सोस्तेनीने पायाने राख पुसली. मालिटा आजीला एका कुशीवर झोपायला लावलं, नातवाला तिच्या पुढ्यात, आणि त्याच्या पलीकडे स्वतःच्या हाताची एक वीत सोडून नवी रेघ ओढली. रुंदी झाली. मग आजीच्या गुडघ्याला हात लावून दाखवलं. उंची झाली. “एवढा. पडलं तरी लागणार नाही. आई वर, मूल वर. गज नकोत.”

“माझे पाय शेजारणीच्या हद्दीत चाललेत,” आजी ओरडली. “भांडणं लावाल तुम्ही!”

सोस्तेनीने पायाकडेही एक वीत वाढवली. मग तो म्हणाला, “खालून बंद करायचा. चारी बाजूंनी फळी.”

“का?” गोंद्वेने विचारलं. “खाली सामान ठेवता येईल.”

“सामानाला भिंतीत खुंट्या मारीन.”

“पण खाली जागा असली तर हरकत काय आहे?”

“खाली जागा नको,” सोस्तेनी म्हणाला. बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. गोंद्वे एकटाच नवखा होता, त्याला काही कळलं नाही. मी गाडीचं चाक बघत उभी राहिले, ते काही बिघडलेलं नव्हतं.

नव्या मापाने राख टाकली तर वॉर्डात सव्वीस पलंग बसले. संध्याकाळी गोंद्वे माझ्या टेबलापाशी आला. “सिस्टर, मला पटलं. अगदी पटलं. पण चौदा खाटा कमी केल्या तर वर मंत्रालयात विचारतील, का म्हणून. बायका खाली झोपतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने कुणाचं नुकसान झालं, असं काही कागदावर आहे का? एखादी नोंद? नाहीतर चाळीस खाटांचा नकाशा तसाच जाईल. शुक्रवारी मला निघायचंय.”

“बघते,” मी म्हणाले.

मला बघायचं काही नव्हतं. वही कुठल्या कपाटात, कितव्या खणात आहे, पान डावीकडचं की उजवीकडचं, सगळं मला पाठ. पानं उलटायचीसुद्धा गरज नव्हती. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी कामं केली, मुलांना सुया टोचल्या, मक्याच्या पिठाचा नसिमा खाल्ला, झोपले. लोकांना वाटत असेल की अशा वेळी माणसाचं काळीज तुटतं. माझं काही तुटलं नाही. इतकी वर्षं मला काही वाटतच नव्हतं, लाकडासारखी होते. फक्त गुरुवारी दुपारी एका बाईने मला बघून चटई गुंडाळली आणि पोराला गजाआड ठेवलं. पोर किंचाळलं. मी तिला ओरडलेही नव्हते, नुसती आत आले होते. तेव्हा माझ्या मनात आलं, हे असंच चालणार. नवीन भिंतींत, जिराफाखाली, हेच चालणार.

मी वही काढली. गोंद्वेला माझ्या खोलीत बोलावलं आणि सोस्तेनीलाही. गोंद्वेला एकट्याला दाखवता आली असती. पण ती ओळ दोनदा वाचायची ताकद माझ्यात नव्हती.

“बस, सोस्तेनी,” मी म्हणाले. तो स्टुलावर बसला. त्याला आकडे वाचता येतात, नाव लिहिता येतं, बाकी नाही. मी मोठ्याने वाचलं. आलिनाफे कादेवेरे, वय तीन. पहिल्या दिवशी दोन इंजेक्शनं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आई मुलीला घेऊन पळाली. तिसऱ्या दिवशी दुपारी, खाटेखाली सापडली. मृत्यू चार वाजता. “हे अक्षर माझं आहे,” मी म्हणाले. “मी खाली वाकून बघितलं नाही. एस्नातीने लपवली ती माझ्या धाकाने, आणि मी वाकले नाही. तीन इंजेक्शनं चुकली ती माझ्यामुळे.”

गोंद्वेने पेन खाली ठेवलं.

“तीन?” सोस्तेनी म्हणाला.

“तीन.”

त्याने माझ्या कपाटाकडे बघितलं. दाराची बिजागरी सैल झाली होती. तो उठला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, वरचे दोन स्क्रू पिळले, खालचा एक पिळला, दार उघडून-मिटून बघितलं. मी वाट बघत होते की तो मला मारेल, निदान थुंकेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, खरंच सांगते.

“मी एस्नातीला खूप बोललो,” तो दाराकडे बघत म्हणाला. “सगळ्या गावासमोर बोललो. हे तिला कोण सांगणार?”

“मी सांगते.”

“आधी पलंग होऊ देत,” तो म्हणाला आणि गेला.

त्या पानाची नक्कल नकाशाला जोडून गेली. वरून मला लेखी समज आली, तेवढी यायलाच हवी होती. नकाशा सव्वीसवर मंजूर झाला. सोस्तेनीने पाच महिने पलंग बांधले. रोज मी त्याच्यासमोरून जायचे, तो ‘सिस्टर’ म्हणायचा, मी ‘सोस्तेनी’ म्हणायचे. प्रत्येक पलंग झाला की मालिटा आजीसारखी एखादी धरून आणायचा, झोपवून बघायचा. खालच्या फळ्या इतक्या घट्ट बसवल्या की सुरीचं पातं शिरणार नाही. वॉर्ड उघडला त्या दिवशी मंत्रालयाचे पाहुणे जिराफासमोर फोटो काढत होते. एका पलंगावर एक आई पोराला कुशीत घेऊन घोरत होती. सोस्तेनी माझ्याजवळ आला. “झाले,” तो म्हणाला. “आता चला.”

एस्नातीचं गाव मटोलाने, म्हणजे माल आणि माणसं एकत्र कोंबून नेणाऱ्या टेम्पोने, दीड तास. सोस्तेनी रस्त्यालगत थांबला. लग्न मोडलेला जावई अंखोस्वेशिवाय सासुरवाडीच्या अंगणात पाय टाकत नाही. मी एकटी आत गेले.

एस्नाती शेंगा सोलत होती. मला बघून उठली, चटई टाकली, पाणी दिलं. वाळली होती. मी सगळं सांगितलं, वहीत होतं तसं, मध्ये न थांबता. तिने हात न थांबवता ऐकलं.

“मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल,” ती म्हणाली. “तुम्ही अगदी पुढ्यात उभ्या होतात ना, सिस्टर. आम्हाला तुमचे बूट दिसत होते.”

“आम्हाला?”

“ती जागी होती. आदल्या दिवशी सुई दिल्यावर तुम्ही तिला बिस्किट दिलं होतं. तुमचे बूट दिसले तशी हसली आणि म्हणाली, ‘आई, सिस्टर आली.’ तुम्हाला हाक मारणार होती. मी तिचं तोंड दाबून धरलं.” तिने सोललेले दाणे सुपात टाकले. “तुम्ही गेलात मग सोडलं. तुम्ही म्हणता चूक तुमची. असेल. पण हात माझाच होता.”

  मी विचारलं, “सोस्तेनी रस्त्यावर उभा आहे. त्याला हे सांगू?”

“सांगा. मला आता कशाने काही होत नाही.”

थोडा वेळ मी तिच्यासोबत शेंगा सोलल्या. मग निघाले.

सोस्तेनी रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. मी त्याला एस्नातीचे शब्द जसेच्या तसे सांगितले, बूट, बिस्किट, हात, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने वर बघितलं.

“‘आई, सिस्टर आली’ म्हणाली?”

“हो.”

“म्हणजे बोलत होती.”

“हो.”

“हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी.”

“हो, सोस्तेनी.”

“तुम्ही मला म्हणाला होतात, शुद्धीवर आलीच नाही.”

“म्हणाले होते.”

“मग वाचली असती,” तो म्हणाला. विचारत नव्हता, नुसतं म्हणत होता.

“वाचली असती,” मी म्हणाले.

मटोला आली. त्याने मला हात देऊन वर घेतलं आणि आम्ही मक्याच्या पोत्यांवर बसलो.